एकोणिसाव्या कलमावरची हरकत

शहराच्या मध्यवर्ती भागासाठी नियमावली लिहायचं काम नगररचना खात्यातल्या भाच्याकडे आलं, तेव्हा त्याने ती जीव ओतून लिहिली. दुकानांच्या पाट्या केवढ्या, दिव्यांचे खांब किती उंच, भिंतींना रंग कोणते, सगळं. मसुद्याची पहिली प्रत त्याने मावशीच्या हातात ठेवली. आई गेल्यापासून तिनेच त्याला वाढवलं होतं, त्याच मध्यवर्ती भागातल्या तिच्या बटणांच्या दुकानात.

"लोकांच्या सूचना आणि हरकती मागवल्यात," तो ऐटीत म्हणाला. "तुझी काही असेल तर सांग."

चार दिवसांनी ताटावर बसल्याबसल्या तिने विचारलं, "ते एकोणीस नंबरचं कलम तुला सुचलं की वरून आलं?"

दुकानांपुढच्या सगळ्या पायऱ्या काढून फुटपाथ सलग करायचा, असं ते कलम होतं.

"माझंच आहे. का गं?"

"काही नाही. जेव तू."

सुनावणीला दीडशे खुर्च्या मांडल्या होत्या आणि माणसं आली होती बावीस. मधोमध नगररचना खात्याच्या मोठ्या मॅडम, शेजारी भाचा. सातव्या हरकतीचा पुकारा झाला आणि ठेवणीतले कपडे घालून, हातात वही घेऊन मावशी उभी राहिली. भाच्याच्या तोंडचं पाणीच पळालं.

"साहेब," ती म्हणाली. ज्याचं नाक पुसलं त्यालाच साहेब! त्याचे कान तापले.

"बोला, मा... बाई."

"बस थांब्यापासून दवाखान्यापर्यंत सहाशे चाळीस पावलं होतात. माझी पावलं. एवढ्या वाटेत बसायला जागा किती? एकही नाही. लोक टेकतात ते आमच्या पायऱ्यांवर. नऊ दिवस मी लिहून ठेवलंय. माझ्या दोन पायऱ्यांवर दिवसाकाठी चौदा माणसं बसतात. बटणं घेणारी त्यातली तीन."

याचं उत्तर भाच्याकडे तयार होतं. "पण बाई, चाकाच्या खुर्चीतून येणाऱ्यांनी काय करायचं? पायऱ्या पुढे आल्यामुळे त्यांना गाड्यांच्या रस्त्यावर उतरावं लागतं."

"मग काढा की पायऱ्या! माझ्यापासून सुरुवात करा, हातोडा मी देते. पण टेकणारा कुठे टेकेल, ते तुझ्या पुस्तकात कुठाय? खांब केवढा, अक्षर केवढं, सगळं लिहिलंस. माणूस दमतो, तेवढं लिहायचं राहिलं."

सभागृहात कोणीतरी टाळी वाजवली. मॅडमनी चष्म्यावरून दोघांकडे पाहिलं. "तुम्ही ओळखता एकमेकांना?"

"माझी मावशी आहे," भाचा उभा राहून म्हणाला. "या हरकतीचा निर्णय मी देणं बरं नाही."

"निर्णय मी देईन. तू फक्त ती पावलं मोजून ये. यांच्याबरोबर."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं बस थांब्यापासून निघाले. भाचा सवयीने भराभरा पुढे गेला, मागे वळून पाहतो तर मावशी अजून वळणावरच. तो थांबला, मग तिच्या चालीने चालू लागला. शंभर-सव्वाशे पावलांवर ती एका पायरीवर बसली. पुन्हा तेवढंच चालून पुन्हा बसली. चौथ्यांदा बसताना तिने गुडघा दोन्ही हातांनी धरला. रोज रात्री तो तिच्याकडे जेवत होता, पण तिला चालताना पाहून किती दिवस झाले होते कोण जाणे.

"कधीपासून दुखतोय?"

"झाली दोन वर्षं."

"मला सांगितलं नाहीस?"

"तू कुठे विचारलंस? सूचना आत्ता मागवल्यास."

त्याला हसूही आलं आणि डोळेही भरले. तो तिच्या शेजारी पायरीवर बसला, फाइल मांडीवर घेतली आणि तिथेच कलम नव्याने लिहायला घेतलं. ती वाकून वाचत होती. "नुसतं 'बाक' नको लिहूस," तिने दुरुस्ती केली. "पाठीला टेकण असलेला लिही. नाहीतर तुझे लोक दगडाचा ओटा आणून ठेवतील."

मॅडमनी ते कलम जसंच्या तसं मंजूर केलं. पायऱ्या जाणार, त्यांच्या जागी दुकानाच्या आत चढत जाणारा उतार, आणि दर सव्वाशे पावलांवर पाठीचा बाक.

मावशीच्या पायऱ्या खरोखरच सगळ्यांत आधी फुटल्या. तिने उभं राहून फोडून घेतल्या आणि खडी स्वतः झाडली. बाक मात्र मोजणीप्रमाणे तिच्या दुकानापुढे न येता चार दुकानं सोडून चष्मेवाल्यापुढे आला. त्याच्याशी तिचा अकरा वर्षं अबोला!

"भाचा असून काय उपयोग?" ती दोन दिवस फुरंगटून होती.

आठवड्याने भाचा दुपारी तिकडून जात होता. बाकावर मावशी बसली होती, पलीकडच्या टोकाला चष्मेवाला, आणि बाकाचा रंग हिरवा हवा होता की तपकिरी, यावरून दोघं हमरीतुमरीवर आले होते. त्याला पाहताच मावशीने मधली जागा हाताने पुसली.

"ये, बस. यांची एक हरकत आहे, लिहून घे."