पोटमाळ्यावरचा पीटर

उजवीकडे: मेणबत्ती.

ती एका मोलकरणीच्या हातात आहे. ज्योतीपुढे आडवी धरलेली तिची बोटं लालभडक दिसतात. पीटरच्या तोंडाजवळ उजेड नेऊन ती विचारते आहे, तूसुद्धा त्या येशूबरोबर होतास ना?

मधोमध: पीटर.

तो नाही म्हणतो आहे. गुरूला पकडून नेलंय, आणि हा म्हणतो, मी त्याला ओळखत नाही.

चित्र माणसाएवढं उंच. माझ्या पोटमाळ्यावर, वेदीच्या वर. वेदी म्हणजे जेवणाचं टेबल आणि पांढरी चादर. खाली दार वाजलं की चादर निघते.

वाजलं.

"नुसतं शोभेचं चित्र म्हणता?" नवा फौजदार म्हणाला. प्रोटेस्टंटांच्या ताब्यातल्या या उट्रेख्ट शहरात घरात बायबलचं चित्र लावायला बंदी नाही. आम्हा कॅथलिकांच्या प्रार्थनेला आहे. "मग त्याच्यासमोरून चालून दाखवा, माख्टेल्डबाई."

वेदीसमोर आमचा गुडघा आपोआप टेकतो. मी दात आवळले. ताठ चालत गेले.

"शाबास. वाउटर, मागे काही दडवलंय का बघ."

कडेला: शिपाई.

चित्रात दोन. माळ्यावर हा एक, वाउटर. लहानपणी त्याची आई त्याला इथेच आणायची. तो चित्रापुढे गेला आणि त्याचा उजवा गुडघा थेट जमिनीला टेकला.

"अरे वाउटर! हे काय?"

"पाय घसरला, साहेब."

"आणि घसरता घसरता छातीवर क्रूस काढलास होय रे?"

जिन्याशी उभी असलेली शेजारीण हिलेके फिसकन हसली. मग तिनेच तोंडावर हात ठेवला.

फौजदार माझ्याकडे वळला. "बाई, एकच वाक्य बोला. हे नुसतं कापड आणि तेलरंग आहे, आम्ही याच्यासमोर प्रार्थना करत नाही. चित्र तुमचं राहील. या गाढवाची नोकरीही राहील."

"म्हण गं," हिलेके कुजबुजली. "तोंडाची वाफ नुसती. नंतर फादरपुढे कबुली दे."

वाक्य जिभेवर आलं होतं. पण समोर तो पीटर. त्याच्याही तोंडी तेच होतं, आणि चित्रकाराने त्याला त्याच क्षणात कायमचं अडकवून ठेवलं होतं. मी वाउटरकडे पाहिलं. त्याने कमरेचा सरकारी पट्टा सोडून टेबलावर ठेवला.

"आम्ही करतो प्रार्थना," मी म्हणाले. "दर रविवारी. आणखी काही विचारायचंय?"

चौकट:

जिन्यात अडकली. तिरकी करून, शिव्या देत, त्यांनी चित्र खाली नेलं.

रिकामी जागा.

रविवारी फौजदार पुन्हा वर आला. आम्ही सगळे गुडघ्यांवर, तोंडं भिंतीकडे. मागच्या रांगेत वाउटर.

"आता काय आहे तिथे?" फौजदार ओरडला. "कुणापुढे वाकताय?"

"भिंत आहे, फौजदारसाहेब," मी मान न वळवता म्हणाले. "न्यायची असेल तर न्या. जरा जपून, तिच्यावर छप्पर आहे."

कुणी उठलं नाही.