सुट्टीच्या दिवशी निघालेली व्हॅन

मित्रांनो, जरा डोळे मिटा. एक बंद शाळा आणि तिच्यामागे उन्हात उभी असलेली पांढरी गाडी डोळ्यांसमोर आणा. दिसली? ती मी. मी अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यातल्या एका हायस्कूलची जुनी व्हॅन आहे.

उमेदीत मी फुटबॉलच्या पोरांना सामन्यांना नेत असे. जिंकली की ती माझं छत बडवत गात. मग नवी बस आली आणि मी व्यायामशाळेमागे पडले. चाकांभोवती गवत वाढलं. पुढे शाळेतली मोठी मुलं शेजारच्या गावातल्या कम्युनिटी कॉलेजात एखादा विषय आधीच शिकू लागली. त्याचं क्रेडिट, म्हणजे तो विषय पूर्ण केल्याचे गुण, त्यांना नंतर कॉलेजात उपयोगी पडतं. त्यांना न्यायला मला पुन्हा बाहेर काढलं. वाटेत ती अभ्यास पुटपुटतात. पेशीचे भाग आता मलाही पाठ आहेत.

गेल्या मार्चमध्ये शाळेला वसंताची सुट्टी होती. माझ्या चालक मिस व्हर्ना मला धूत होत्या. तेवढ्यात अकरावीतली डेलिसा धापा टाकत आली.

"मिस व्हर्ना, घात झाला! कॉलेजला सुट्टी नाहीये! त्यांची पुढच्या आठवड्यात आहे!"

"अगं वेडाबाई, वेळापत्रक बघायचं ना!"

"बघितलं की! शाळेचं! आज जीवशास्त्राची प्रात्यक्षिक परीक्षा आहे. तिथल्या मैत्रिणीचा फोन आला, कुठे उलथलीस म्हणून."

डेलिसाला नर्स व्हायचं होतं. परीक्षा बुडली की नापास, आणि कॉलेजातला नापासाचा शेरा पुसला जात नाही. आई घरची गाडी घेऊन कामावर गेली होती. आणि सुट्टीत मला हलवायचं तर मुख्याध्यापकांची परवानगी हवी. ते तळ्यावर मासे धरत बसले होते.

मिस व्हर्नांनी फोन लावला. सगळं ऐकून ते ओरडले, "तुमच्यापायी माझा मासा सुटला! जा, निघा लवकर! आणि तिच्या आईला कळवा."

किल्ली फिरली. मी नुसती खोकले. डेलिसाचा चेहरा उतरला.

"चल गं म्हातारे, आज रुसू नकोस," मिस व्हर्ना म्हणाल्या.

मी सारं बळ एकवटलं आणि अंगावरच्या फेसासकट निघाले.

प्रयोगशाळेच्या दारातच प्राध्यापिका उभ्या होत्या. माझ्याकडे बघून त्यांना हसू आलं. "शाळेचं एखादं पाखरू दरवर्षी असं चुकतंच. पळ, दुसरी तुकडी आता बसतेय."

मिस व्हर्नांनी सोडलेल्या सुस्काऱ्याने माझी काच धुरकटली. मला तर माझी चाकंसुद्धा हलकी वाटली. मित्रांनो, जुनी गाडी नुसती उभी ठेवू नका. अधूनमधून सुरू करत जा, तेलपाणी बघा. कुणाची वेळ कधी येईल, सांगता येत नाही.

डेलिसा बाहेर आली ती हसतच. "सगळं ओळखलं!" म्हणाली आणि पुढच्या सीटवर धपकन बसली. मग एकदम दचकली. तिने घाईघाईने तिच्या मामेभावाला फोन लावला.

"केंड्रिक, दुपारी तुझा कॉलेजात निबंधाचा वर्ग आहे ना? सुट्टी काय म्हणतोस, गाढवा! ऊठ, तोंड धू. आम्ही दारात येतोय."