उंचावरची जमीन

काशिफा मुंबईत नगररचना शिकली आणि पहिलंच मोठं काम तिला घराजवळ मिळालं. आगरदांड्याच्या पलीकडे, खाडीच्या तोंडाशी वसलेल्या तिच्याच गावाचा आराखडा करायचा होता. समुद्र वाढतोय, तर उद्या लोकांनी राहायचं कुठे, एवढाच त्यातला प्रश्न.

खाडीकाठच्या मोहल्ल्यात तिची मावशी, फरिदाखाला, एकटी राहत होती. उधाणाला तिच्या मोरीतून पाणी उलटं वर यायचं. विहीर तर केव्हाच खारी झालेली. काशिफाने नकाशावर सगळा मोहल्ला मोकळा दाखवला. तिथे तिवरांची झाडं वाढू दिली तर लाटेचा जोर मोडेल आणि मागचा बाजार, शाळा, दवाखाना वाचेल. मोहल्ल्यातल्या घरांसाठी तिने टेकडीखालची उंच जमीन धरली. ती शेजारच्या, भातशेतीवर जगणाऱ्या गावाची होती.

नगरपरिषदेच्या सभागृहात सुनावणी झाली. त्या गावचे धर्माजी उठले.

"बाय, बांध फुटला नि खालची शेतं खारवली. आता भात व्हतो तो वरच्याच जमिनीत. ती बी दिली तर आमी खायाचं काय?"

काशिफाने मोबदल्याचं सांगितलं, पर्यायी जमिनीचंही सांगितलं. बोलता बोलता तिलाच कळत होतं की पर्यायी जमीन कुठेच नाही. टेकडीमागचं मोठं पठार होतं, पण ते आधीच एका प्रकल्पासाठी राखून ठेवलेलं.

"पठारातला थोडा भाग मिळाला तर..." ती म्हणाली.

"तो विषय आपल्या हातात नाही," अध्यक्षस्थानी बसलेले अधिकारी शांतपणे म्हणाले.

मग मागच्या रांगेतून फरिदाखाला उभी राहिली. आपली बाजू मांडेल असं काशिफाला वाटलं. खाला धर्माजींकडे वळली. "भाऊ, तुमच्या शेतात मी घर नाय बांधणार. अल्लाला काय तोंड दाखवू?"

धर्माजींनी हात जोडले.

स्थलांतर बारगळलं. पण मोहल्ला धोक्याचा आहे, ही नोंद मात्र मंजूर झाली. धोक्याच्या जागेत नवं बांधकाम नाही, पक्की दुरुस्तीही नाही. अर्धाच आराखडा लागू झाला, आणि तोही काशिफाच्याच सहीचा.

भाद्रपदातल्या उधाणाने खालाच्या स्वयंपाकघराची भिंत पाडली. काशिफा परवानगीसाठी दोन कचेऱ्या फिरली. दोन्हीकडे तिला तिचाच नकाशा उघडून दाखवण्यात आला.

"माझ्याकडे चल ना राहायला," ती खालाला म्हणाली.

"मी आले, पण बाकीच्यांचं काय? समदा मोहल्ला नेशील तुझ्या दोन खोल्यांत?" खालाच्या बोलण्यात राग नव्हता. काशिफाला त्याचाच त्रास झाला.

"खाला, मी चुकले का गं?"

"नाय बेटा. समुद्र येतोय हे तू खरंच सांगितलंस." खाला चुलीजवळची भांडी उचलून वरच्या फळीवर ठेवू लागली. "जायला जागाच नाय, त्याला तू काय करशील?"

पडलेल्या भिंतीच्या जागी दोघींनी निळी ताडपत्री बांधली. ताडपत्रीला परवानगी लागत नव्हती. दुपारी भरती लागली तशी ती वाऱ्याने फुगली आणि खालून पाणी आत आलं. काशिफा घोटाभर पाण्यात उभी राहून ताडपत्रीचं टोक दाबून धरत राहिली, तरी पाणी येतच होतं.