कंपनीला काय माहीत

वेंडेल क्रम्प्टन सॅसफ्रास पेमेंट्समध्ये उपाध्यक्ष होता आणि कंपनी नेमकं काय करते हे त्याला ठाऊक नव्हतं. त्याची त्याला कधी लाज वाटली नाही, कारण कुणी विचारलंच नव्हतं. अटलांटाच्या उत्तरेला, अल्फारेटात, अशा कंपन्या कुत्र्याच्या छत्र्यांसारख्या उगवल्या आहेत. दुकानात कार्ड घासल्यापासून पैसे बँकेत पडेपर्यंत मध्ये चार हात लागतात आणि त्यातला एक आपला, एवढी त्याची समज. बाकी त्याचं काम माणसं सांभाळण्याचं. मोठ्या गिऱ्हाइकांना शनिवारी फुटबॉलला न्यायचं, कुणाची आई वारली तर घरी भाजलेला हॅम पाठवायचा. हे मात्र तो जीव ओतून करी. मेकनसारख्या गावात वाढलेला माणूस, मयताला रिकाम्या हातानं जाणं त्याला जमलंच नसतं.

अशात टॉलिव्हर कार्डनं सॅसफ्रासवर करारभंगाचा दावा लावला. टॉलिव्हरची माणसं गावोगाव हिंडून न्हावी, बार्बेक्यूवाले, चर्चवाले पकडून आणायची आणि त्यांच्या दुकानातले कार्डाचे व्यवहार सॅसफ्रास चालवायची. दर व्यवहारामागे चिमूटभर वाटा टॉलिव्हरचा, आणि त्यांनी आणलेलं दुकान सॅसफ्रासनं परस्पर फोडून दुसरीकडे न्यायचं नाही, असा करार. टॉलिव्हर म्हणे, दुकानं फोडली. सॅसफ्रास म्हणे, दुकानं आपल्या पायांनी गेली, कुठे गेली देव जाणे.

आता कंपनीला काही स्वतःचं तोंड नसतं. म्हणून खटल्याआधीच्या जबानीसाठी कोर्ट सांगतं, एक माणूस पाठवा. तो बोलेल ते कंपनी बोलली असं धरू. सॅसफ्रासचा मालक ब्रँटली हॉइट आणि त्याचा वकील पर्नेल टिडवेल यांनी आठवडाभर नावं चाळली. ज्याला धंदा कळत होता तो प्रत्येक जण धोक्याचा निघाला. शेवटी दोघांच्या तोंडी एकदमच वेंडेलचं नाव आलं.

"साहेब, पण मला यातलं काही कळत नाही," वेंडेल म्हणाला.

"तोच तर तुझा गुण," ब्रँटली म्हणाला. "प्रामाणिक चेहरा आहे तुझा. देवानं दिलेला. तो वापर."

पर्नेलनं त्याला दोन दिवस घोटवलं. विचारलं तेवढंच बोलायचं, आठवत नसेल तर आठवत नाही म्हणायचं, माहीत नसेल तर माहीत नाही. वेंडेलला हे सोपं गेलं, खोटं बोलायचा प्रश्नच नव्हता.

टॉलिव्हरच्या बाजूनं ऑक्टेव्हिया लॅनियर नावाची वकीलबाई होती. सव्हाना गावची, साठी ओलांडलेली, बोलणं इतकं हळू की समोरच्यानं आपण होऊन पुढे वाकावं.

"क्रम्प्टनसाहेब, टॉलिव्हरची दुकानं गेली कुठे?"

"माहीत नाही, बाई."

"ती हलवायचं कुणी ठरवलं?"

"माहीत नाही."

"तुमच्या कंपनीत हे कुणाला माहीत असेल?"

वेंडेलनं खरंच विचार केला. "तेही माहीत नाही, बाई. माफ करा."

दिवसभर हेच. बाईंचा आवाज एकदाही चढला नाही. पर्नेल बाहेर आला तो हसतच. त्या संध्याकाळी ब्रँटलीनं वेंडेलला बार्बेक्यू खायला नेलं, पाठीवर थाप मारली, आणि वेंडेलला वाटलं, इतक्या वर्षांत कंपनीच्या खऱ्याखुऱ्या उपयोगाला आपण आज पडलो.

पण हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते पुढेच होतं. बाईंनी सगळी जबानी उचलून न्यायाधीशासमोर ठेवली. न्यायाधीशानं चष्मा काढला आणि पर्नेलला विचारलं, "हा माणूस तुमची कंपनी म्हणून बोलला ना?"

"हो, महाराज."

"मग कंपनीलाच काही माहीत नाही. खटल्यात या मुद्द्यांवर तुम्ही तोंड उघडायचं नाही. नाहीतर तयारी केलेला माणूस पुन्हा पाठवा, खर्च तुमचा. आणि या वेळी त्याला निदान कंपनीचा पत्ता ठाऊक असू द्या."

परतीच्या वाटेवर ब्रँटली गाडीत पर्नेलला घालून पाडून बोलला. पण दुसरा माणूस पाठवायचा तर तो सगळं जाणणारा, म्हणजे आणखी धोक्याचा. दगडापेक्षा वीट मऊ. वेंडेललाच पढवायचं ठरलं. कामकाजाची प्रमुख मर्ना स्टबल्फील्ड हिच्याकडे त्याला बसवलं. "यंत्रणा समजावून सांग," पर्नेल तिला म्हणाला, "इतिहास नको."

मर्नाला वीस वर्षांत कुणी काही समजावून सांग म्हटलं नव्हतं. तिनं त्याला कार्डाच्या मागोमाग चालवलं. दुकानातलं मशीन, मग आपण, मग कार्डवाले, मग गिऱ्हाइकाची बँक, तिचा होकार, आणि उलट्या पावली परत. हे सगळं गिऱ्हाइकानं पाकीट खिशात घालायच्या आत. वेंडेल तोंड उघडं टाकून ऐकत राहिला. आपण इतकी वर्षं घड्याळाच्या पोटात राहून फक्त काच पुसत होतो, असं त्याला वाटलं. त्या रात्री जेवताना त्यानं बायकोला, लुअ‍ॅनला, मीठदाणी, मिरपूड आणि मक्याच्या ब्रेडचे तुकडे मांडून सगळा प्रवास दाखवला.

"आणि मिरपूड म्हणजे तुम्ही?" लुअ‍ॅननं विचारलं.

"मिरपूड म्हणजे आम्ही."

"मग मधल्या मध्ये खाता किती?"

त्याला हे विचारायचं सुचलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यानं मर्नाला विचारलं आणि तिनं सांगितलं. असं एकातून एक निघत गेलं. होता होता तो म्हणाला, "ही चॅटनूगातली कंबरटन कंपनी कोण? बरीचशी दुकानं हल्ली तिच्याकडे दिसतात. तिच्या माणसांना मी कधी सामन्याला नेलं नाही."

मर्नानं कॉफीचा कप खाली ठेवला. "वेंडेल, कंबरटन म्हणजे आपणच."

"आपण?"

"पाटी दुसरी, मालक तोच. टॉलिव्हरची दुकानं तिकडे सरकवली."

"मग टॉलिव्हरचा वाटा कोण देतं?"

"कुणीच नाही. त्यासाठीच तर कंपनी काढली."

वेंडेल थेट ब्रँटलीकडे गेला. "साहेब, आपण करार मोडलाय की काय?"

"ते ठरवायला कोर्ट आहे," ब्रँटली म्हणाला. "तू विचारलं तेवढंच बोल. ती वकीलबाई कंबरटनचं नाव काढणार नाही. तिला माहीतच नाही."

बाईंना माहीत होतं. दुसऱ्या जबानीत तिसऱ्याच प्रश्नाला त्यांनी नाव काढलं. "कंबरटन कुणाची, क्रम्प्टनसाहेब?"

पर्नेलनं हरकत घेतली. ती नोंदवली गेली आणि प्रश्न जागच्या जागी राहिला. वेंडेल नंतर लुअ‍ॅनला म्हणाला की त्या घडीला त्याच्या मनात नीतीबिती काही आली नाही. उत्तर येत होतं, एवढंच. शाळेत आयुष्यभर मागच्या बाकावर बसलेल्या पोराला फळ्यावरचं गणित सुटावं, तसं झालं होतं.

"आमचीच, बाई," तो म्हणाला. आणि थांबला नाही. टेबलावरच्या पाण्याच्या बाटल्या मांडून दुकानं कशी सरकवली, वाटा कुठे आटला, सगळं दाखवलं. पर्नेल कपाळाला हात लावून बसला होता. टंकलेखन करणाऱ्या बाईनं दोनदा सांगितलं, जरा सावकाश.

महिन्याच्या आत तडजोड झाली. आकडा कुणी कुणाला सांगायचा नाही असं ठरलं. ब्रँटलीनं घर विकलं नाही की होडी विकली नाही. पुढच्या बिलापासून सगळ्या न्हाव्यांना आणि बार्बेक्यूवाल्यांना ‘सुरक्षा शुल्क’ नावाची नवी ओळ लागली, ज्या दुकानांवरून भांडण झालं त्यांनाही. वेंडेलला छान केक कापून निरोप दिला. मर्ना तेवढी रडली.

मग टॉलिव्हरच्या मालकानं स्वतः फोन केला. "तुमच्यासारखा सचोटीचा माणूस आम्हाला हवा." पगार आधीपेक्षा थोडा जास्त, खोलीला मोठी खिडकी. गावोगावच्या सभांत मालक त्याला पुढे करून म्हणे, हे पाहा, खरं बोलणारे गृहस्थ. लोक टाळ्या वाजवत. वेंडेलला आधी संकोच वाटे, मग सवय झाली.

पण विचारायची खोड काही सुटेना. टॉलिव्हरसाठी दुकानं आणणारे लहान दलाल होते, दक्षिणेला व्हॅल्डोस्टाकडचे. त्यांचाही चिमटीतला चिमूटभर वाटा असे. तडजोडीच्या पैशातून तो त्यांना गेला का, असं त्यानं मालकाला सहज विचारलं. मालक उठला, त्यानं दार हलकेच लावून घेतलं आणि वेंडेलच्या आईची तब्येत विचारली.

वेंडेलनं लॅनियरबाईंना फोन लावला.

"क्रम्प्टनसाहेब," बाई त्याच हळू आवाजात म्हणाल्या, "मी टॉलिव्हरची वकील आहे. तुम्ही हा फोन केला नाहीत."

"पण बाई, हे तर सॅसफ्रासनं टॉलिव्हरशी केलं तेच…"

"भेंडीचं पीक यंदा बरं आहे म्हणतात," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

लुअ‍ॅननं सगळं ऐकून घेतलं. "घराचे हप्ते बाकी आहेत," ती म्हणाली. मग म्हणाली, "पण ते व्हॅल्डोस्टाचे लोक किती जण आहेत?"

"तेच तर माहीत करून घ्यायचंय," वेंडेल म्हणाला.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तो हिशेबखात्याच्या प्रमुखासमोर जाऊन बसला आणि तळलेल्या चिकनचा पहिला घास घेता घेता त्या दलालांचा विषय काढला. प्रमुखानं हसून मान हलवली, आपलं ताट उचललं आणि खिडकीजवळच्या टेबलावर जाऊन बसला. वेंडेलनं घास नीट चावून गिळला. मग त्यानंही ताट उचललं, खिडकीजवळ गेला आणि त्याच्या शेजारची खुर्ची ओढली.