नदीनं भरलेला रांजण

मी गुंजवणे गावच्या ठकुबाईंच्या उंबऱ्याशी पुरलेला रांजण. आता परसात कलंडून पडलोय, पण एके काळी माझाही थाट होता.

नसरापूरच्या कोंडिबा कुंभारानं मला घडवलं. ठकुबाई नव्या नवरी होत्या, तेव्हा पेंढ्यात गुंडाळून बैलगाडीतून मला इथं आणलं. तेव्हा नदीवर धरण नव्हतं. भातलावणी करून चिखलानं माखलेली माणसं यायची, करवंटीचं ओगराळं माझ्यात बुडवायची आणि पाणी पिऊन 'हाऽऽ' करायची. तो आवाज ऐकायला अजून जीव आसुसतो.

बऱ्याच वर्षांनी एका श्रावणात गुंजवणी नदी थेट घरात शिरली आणि मला काठोकाठ भरून गेली. गाळ तळाशी बसला, वर पाणी नितळ दिसू लागलं. ठकुबाई हरखल्या. माहेरवाशिणीसारखी घरी आलेली नदी, तिनं भरलेला रांजण उपसायचा कसा? मला हळदकुंकू लावून त्या ओंजळभर तीर्थ प्यायल्या. माझ्या पोटात गोठ्यातलं शेणमूत होतं, अख्खा उकिरडा होता, पण रांजणाला कोण विचारतो?

दुसऱ्याच दिवशी जुलाब-उलट्यांनी त्यांचे डोळे खोल गेले. नदीला उतार नव्हता आणि वैद्य पलीकडच्या तीरावर. तरी त्या तीर्थच मागत होत्या. त्यांच्या सुनेचं, सगुणाबाईचं, माहेर शिवरे. तिथं अशाच पुरानंतर पटकीनं तिची धाकटी बहीण नेली होती. तिनं डोंगरातल्या झऱ्याचं पाणी आणून खळखळा उकळलं, मीठ घालून पेज केली आणि सासूला घोटघोट पाजत राहिली.

मग ती मुसळ घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. माझं अंग मातीचं. ते पाणी आत मुरलेलं, नुसतं उपसून भागणार नव्हतं.

"नदीनं भरल्याला हाय गं त्यो," ठकुबाई अंथरुणातून कळवळल्या. "माज्या लग्नातला हाय."

"व्हय आत्याबाई, नदीच आली. पन येताना गोठ्यातनं आली," सगुणाबाई रडत म्हणाली. "रांजान कोंडिबा दुसरा देत्याल. सासू कुठनं आनू?"

मुसळ बसलं. दुखलं, खोटं कशाला सांगू? मग मला उकरून परसात टाकलं.

ठकुबाई वाचल्या. पुढं दरवर्षी त्या काठावर जाऊन नदीची ओटी भरायच्या आणि घरी येऊन आधी प्यायचं पाणी उकळायला ठेवायच्या. मग परसात येऊन माझ्या फुटक्या अंगावरून हात फिरवायच्या.

बाबांनो, पूर ओसरल्यावर पाणी कितीही नितळ दिसलं, तरी उकळल्याशिवाय ओठाला लावू नका. माझ्यात आता पाण्याचा थेंबही ठरत नाही. ठकुबाई मात्र घरात नातसून येईपर्यंत जगल्या.