टाकीचे झाकण

“आता काऊन बंद पडली, भाऊजी?” मागच्या सीटवरून शालूबाईने विचारले. आवाजात काळजी होती. निदान ऐकणाऱ्याला ती काळजीच वाटली असती.

 वडनेरहून हिंगणघाटला जाणाऱ्या रस्त्यावर, नाल्याच्या थोडी अलीकडे, ॲम्बेसेडर दोन आचके देऊन थांबली होती. पुंडलिकराव उतरले, बॉनेट उघडले आणि आत हात न घालता नुसतेच पाहत राहिले, परक्याच्या स्वयंपाकघरात डोकावावे तसे. शालूबाईच्या मांडीवर मेथीच्या जुड्यांचे गाठोडे होते, पायांशी वांग्यांची टोपली. बाजार भरायला अवकाश होता. तिला कसलीच घाई नव्हती.

“पुन्हा याच जागी,” पुंडलिकराव पुटपुटले.

मागच्या चैत्रात त्यांचे थोरले भाऊ बापूराव या नाल्यापाशीच गेले होते. छातीत कळ आली तशी त्यांनी गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला आणि मग स्टिअरिंगवर मान टाकली. हँडब्रेक ओढलेला होता, ही गोष्ट गावाने पुष्कळ दिवस कौतुकाने सांगितली. शालूबाई बापूरावांची बायको. मूलबाळ नव्हते. तेरवी झाली त्याच दुपारी पुंडलिकरावांनी खुंटीवरची किल्ली काढून स्वतःच्या खिशात टाकली. ही जुनी गाडी घेताना शालूबाईच्या पाटल्या मोडल्या होत्या, हे घरात सर्वांना ठाऊक होते. म्हणून ती एवढेच म्हणाली होती, “किल्ली राहू द्या न तिथंच.”

“बाईले गाडी कायले पायजे?” पुंडलिकराव हसले होते. “चालवता येते का? नाई येत. मंग? खुंटी राहू द्या तुमाले.”

त्यानंतरच्या पहिल्या बाजाराला ती सवयीने पुढच्या सीटवर बसली, तेव्हा ते दार उघडून उभे राहिले. “मांगं बसा, वहिनी. समोर कुसुम बसन.” त्यांची बायको कुसुमबाई नवे लुगडे नेसून, नजर चुकवत पुढे बसली. शालूबाई मागे सरकली. त्या दिवशी हिंगणघाट येईपर्यंत तिने पुंडलिकरावांच्या मानेकडे पाहिले, आणि मनात काय ते ठरवून टाकले.

आज रस्त्याने जाणाऱ्या सायकलवाल्याजवळ निरोप धाडला होता. तासाभराने हिंगणघाटचा बंडूजी मिस्त्री पान्यांची पिशवी हँडलला अडकवून आला.

“पेट्रोल हाय का?” त्याने सवयीने पहिला प्रश्न विचारला आणि उत्तराची वाट न पाहता मागच्या टाकीचे झाकण उघडले. आत डोकावला, गाडी हलवून आवाज ऐकला, झाकण पुन्हा घट्ट लावले. मग प्लग काढून ठिणगी पाहिली, कार्बोरेटर ठोकून पाहिला. शेवटी गाडीत बसून सेल्फ मारला. पेट्रोल वर यायला लागला तेवढाच वेळ, आणि गाडी सुरू झाली.

“काय होतं, बंडूजी?”

“काईच नोतं.”

“काई नोतं म्हंजे?”

“म्हंजे मले दिसलं नाई. पाहा ना, कशी घड्याळावानी चालून राह्यली.” बंडूजीने हात पुसले आणि आवाज उतरवला. “चौथी बारी हाय ही, पुंडलिकराव. मशीनची गोष्ट असती तं मी कवाची पकडली असती. ही मशीनची गोष्ट नाई.” त्याने नाल्याकडे पाहिले. “बापूराव इथंच...”

शालूबाईने गाठोड्यातल्या जुड्या उगाचच नीट केल्या. हसू लपवायला मेथी पुरेशी होती.

बापूरावांची बोटे जाड होती. दर रविवारी सकाळी ते गाडी बाभळीच्या सावलीत घेत, बॉनेट उघडत आणि स्टुलावर बसून सांगत. अरुंद जागेत हात घालायचा तो शालूबाईने. डिस्ट्रिब्यूटरच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्या सोडवून झाकण काढणे, त्यातले ठिणगीचे पॉइंट काचकागदाने घासणे, बॅटरीवर चढलेला पांढरा थर कढत पाण्याने धुणे, फाटलेला पट्टा बदलणे ही सगळी कामे तिच्या हाताने होत. पहिली दोन वर्षे ते सांगत आणि ती करी. नंतर ती करी आणि ते पाहत. इंजिन एका प्लगवर चुकत असले, की चुलीपुढे बसूनही तिला ते कळे. पण फाटकातून कुणी आले, की बापूराव तिच्या हातातला पाना घेत आणि ती पाणी आणायला आत जाई. येणारा म्हणे, “बापूरावचा हात लागला का गाडी सुरू!” बापूराव हसत. ते वाईट माणूस नव्हते. असा पाना घेण्यात आपली काही चूक आहे, हे त्यांच्या कधी मनातच आले नाही.

एका पावसाळ्यात गाडी रोज दहा-बारा मैल जाऊन थांबू लागली होती. बापूरावांनी सगळे उघडून पाहिले. त्या दिवशी शालूबाई गोड्या तेलाचा नवा डबा फोडत होती. डब्याला एकच भोक पाडले तर तेल नीट पडत नाही; समोर दुसरे पाडले, की आत हवा जाते आणि धार सुटते. तिने हातातला खिळा ठेवला आणि बाहेर जाऊन टाकीच्या झाकणाकडे पाहिले. झाकणाला बारीक भोक होते आणि ते चिखलाने बुजले होते. पेट्रोल खर्च होत जाई, त्याच्या जागी हवा मात्र आत शिरत नसे. मग इंजिन कितीही ओढले तरी पेट्रोल येत नसे. झाकण उघडले की हवा शिरे आणि गाडी पुन्हा शहाण्यासारखी चाले. तिने काडीने भोक मोकळे केले. चावडीवर बापूरावांनी ही गोष्ट सांगितली तेव्हा ती त्यांची झाली होती, आणि त्यांनी तिचा तपशील मात्र कुणाला दिला नव्हता.

किल्ली गेल्यावर शालूबाईने आधी साधे उपाय केले. पॉइंटच्या फटीत कागदाचा कपटा सरकवला. बंडूजीने तो पाच मिनिटांत शोधला. बॅटरीची तार सैल केली, तीही सापडली. तेव्हा तिला ते भोक आठवले. बाजाराच्या सकाळी अंगण झाडता झाडता ती गाडीच्या मागे जाई, डाळीएवढी कणकेची गोळी भोकात दाबी आणि तिच्यावर काजळीचे बोट फिरवी. मिस्त्री पेट्रोल पाहायला झाकण उघडी, म्हणजे आपल्याच हाताने दुरुस्ती करी आणि मग तासभर बिघाड शोधत बसे. गाडी कधी नाल्याच्या अलीकडे थांबे, कधी बरीच पलीकडे. लोकांच्या लक्षात फक्त नाला राहिला.

ती रोज हे करीत नसे. कुसुमबाईच्या लेकीला ताप चढला म्हणून वर्ध्याच्या दवाखान्यात न्यायचे ठरले, तेव्हा गाडीला कुणी शिवण्याआधी शालूबाईने भोक मोकळे केले होते. पण सोसायटीच्या निवडणुकीत पुंडलिकराव हिंगणघाटहून पुढाऱ्याला मिरवत आणणार होते, त्या सकाळी तिने गोळी जरा मोठीच लावली. पुढारी शेवटी रूपरावांच्या बैलगाडीत कडब्यावर बसून सभेला आला. रूपराव शेजारचे शेतकरी. दुसऱ्या दिवशी फाटकातूनच ओरडले, “पुंडलिकराव, गाडीले बैल लावून देऊ का माहे?” शालूबाई ज्वारी निवडत होती. त्या दिवशी तिला जेवण गोड लागले.

मात्र पुढे जे झाले त्याचा तिने हिशेब केला नव्हता. पुंडलिकराव हसणाऱ्यांवर चिडेनासे झाले. किल्ली फिरवण्याआधी ते ती कपाळाला लावू लागले. नाल्यापाशी त्यांनी गुपचूप नारळ फोडला, हे तिला कुसुमबाईकडून कळले. एका दुपारी ते वांग्याच्या वाफ्यापाशी येऊन उभे राहिले.

“वहिनी, दादा येते का तुमच्या सपनात?”

तिने खुरपे थांबवले नाही. “येते.”

“काय म्हन्ते?”

“काई नाई. नुसते पाहून राह्यते.”

त्यांचा चेहरा उतरला. तिला समाधान वाटायला हवे होते, आणि ते वाटलेही. पण त्या समाधानात कुठेतरी खडा लागत होता. हा माणूस भीत होता, रात्रंदिवस भीत होता, पण तिला नाही.

आठ दिवसांनी अंगणात गाडी धुऊन उभी केली. कुसुमबाईने बॉनेटला हळदकुंकू लावले, हार घातला. बंडूजीला मुद्दाम बोलावले होते. रूपराव आणि शेजारचे चारपाच जण आले होते. शालूबाईला खांबापाशी उभे केले होते. पुंडलिकरावांनी पितळी ताटात तांदूळ पसरले, त्यावर किल्ली ठेवली आणि ताट तिच्यापुढे धरले. त्यांचे डोळे भरले होते.

“घ्या, वहिनी. गाडी तुमची. ड्रायव्हर पाह्यजे तं ठेवा, नाईतं नुसती उभी ठेवा. मी बोट नाई लावत आता. फक्त दादाले सांगा, माह्यावरचा राग सोड म्हना.”

एवढ्यासाठीच तर तिने वर्ष काढले होते. हात पुढे करायचा, बाकी काही नाही. तिने पदर सावरला आणि हात पुढे केला.

“गाडी त्याच्याच हातची होती,” पुंडलिकराव लोकांकडे वळून म्हणाले. “दुसऱ्याले वळन देत नाई ती.”

“खरं हाय,” रूपरावांनी मान हलवली. “बापूरावचा हात म्हंजे काय! मेल्यावर बी त्याचाच हात चालून राह्यला.”

शालूबाईचा हात किल्लीवर थांबला. किल्लीचे गार लोखंड बोटांना लागत होते. मग तिने हात मागे घेतला.

“हात त्यायचा नोता,” ती म्हणाली.

कुणाला समजले नाही. ती गाडीच्या मागे गेली. खराट्याची एक काडी मोडून घेतली, टाकीचे झाकण काढले आणि काडीने भोक कोरले. काळी गोळी तिच्या तळहातावर पडली. तिने ती बोटांनी फोडली. आतून पांढरी निघाली.

“काय हाय हे?” पुंडलिकरावांनी विचारले.

“कनीक. तुमच्याच घरची.”

बंडूजीने झाकण तिच्या हातातून घेतले, भोकाला तोंड लावून फुंकर मारली आणि पलीकडे हात धरून पाहिला. मग त्याने कपाळावर हात मारला. “बाप्पा! आन् मी दर बारीले हेच झाकन उघडून पाहू!”

“पॉइंटात कागद होता, तो बी मीच टाकला,” शालूबाई म्हणाली. “बॅटरीची तार बी मीच सोडली. याच्या आंधी गाडी सुधरवत होती ते बी मीच. तुमचे दादा समोर असते तं तेबी नाई म्हनू शकले नसते.” हाराकडे पाहत ती क्षणभर थांबली. “दादा तुमाले कायले तरास देईन, भाऊजी? तरास मी देल्ला.”

“एवढे दिवस आमाले उन्हात बसवलं तुमी, बाई?” कुसुमबाईचा आवाज फुटला.

“हो. मी बसवलं.”

पुंडलिकरावांच्या चेहऱ्यावरची भीती ताप उतरावा तशी उतरत गेली. मग तिच्या जागी रक्त चढले. त्यांनी ताटातली किल्ली उचलली. तांदूळ अंगणात सांडले. ते ओरडले नाहीत. “उद्यापासून चूल अलग,” एवढेच म्हणाले. “वाफे घ्या तुमचे. आन् बाजारात पायी जा, नाईतं एस.टी.नं. या गाडीत मांगं बी नाई बसायचं.”

माणसे पांगली. बंडूजी पिशवी उचलताना तिच्याजवळ रेंगाळला. “चुप राह्यल्या असत्या तं गाडी तुमची होती, बाई.”

“मले मालूम हाय,” शालूबाई म्हणाली, आणि सांडलेले तांदूळ वेचायला बसली.

त्यानंतर गाडी नाल्यापाशी कधी थांबली नाही. पंधरा दिवसांनी बाजाराच्या सकाळी शालूबाई भेंड्यांची टोपली डोक्यावर घेऊन निघाली, तेव्हा गाडी अंगणात होती आणि बंडूजी आपले सामान आवरत होता. बॉनेटला त्याने लोखंडी कोयंडा बसवला होता. टाकीच्या झाकणावरून पट्टी घेऊन तिलाही कोयंडा केला होता. दोन्हीकडे पितळी कुलपे लटकत होती. पुंडलिकराव दोन्ही किल्ल्या कमरेच्या करगोट्याला बांधत होते.

“येवढी कुलपं कायले?” फाटकातून रूपरावांनी विचारले. “गावात कोन चोर हाय?”

“गावात नाई,” पुंडलिकराव म्हणाले. शालूबाई जवळून जात होती तोवर त्यांनी गाठ मारली, आणि ओढून पाहिली.

शालूबाईने मान न वळवता ती दोन्ही कुलपे पाहिली. चांगली जाड होती. टोपलीचा तोल सावरून ती सडकेच्या दिशेने चालू लागली. एस.टी.ला अजून वेळ होता, तरी तिची पावले झपझप पडत होती.