मावंदं आधी, यात्रा मागून

"बेटावर नारळ आणू नये," गोरखनं वाचलं, आणि ओट्यावर बसलेल्या हौशीरामच्या हातातला चहा हातातच राहिला.

"परत वाच."

गोरखनं परत वाचलं. हा मुलगा पुण्याहून येताना तो कागद घेऊन आला होता. लक्षद्वीपातल्या एका लहानशा बेटावर निसर्ग सांभाळून राहायचं मुक्कामघर. दिवाळीनंतर आठ दिवस, आईवडिलांसकट. दिवे सौर, अंघोळीला एक बादली, प्लास्टिकची पिशवी बंद. इथवर हौशीरामला काही वावगं वाटलं नव्हतं. एका बादलीत तर निम्मं डिंगोरे गाव अंघोळ करतं. पण पुढं होतं, की नारळ, बी, रोप आणायचं नाही. समुद्रात काही वाहायचं नाही. शिंपलासुद्धा परत न्यायचा नाही.

आणि माजघरात हळदकुंकू लावलेले एकतीस नारळ रचून ठेवले होते.

समुद्र ओलांडायचा म्हणजे यात्राच, हे गावानं परस्पर ठरवलं होतं. यात्रेकरूच्या हाती आपल्या नावाचा नारळ द्यायचा, त्यानं तो तिकडं वाहायचा, आणि परतल्यावर मावंद्याचं जेवण घालून सगळ्यांना प्रसाद द्यायचा. तीस वर्षं हौशीराम दुसऱ्यांना नारळ देत आला. शेजारच्या सावळेरामला काशीच्या वेळी, त्याच्या भावाला रामेश्वरच्या वेळी, दोघांना बारकेच नारळ, पण दिले. कुणाच्या मावंद्याला लापशीत तूप कमी होतं हेही त्याच्या ध्यानात होतं. स्वतः मात्र टोमॅटोच्या गाडीबरोबर वाशीपलीकडं गेला नव्हता. आत्ता कुठं त्याची पाळी आली होती.

"मी म्हणलं व्हतं, आधी कागद वाचा, मंग गावात सांगा," त्याची बायको प्रयागबाई आतून म्हणाली.

"एक नारळ बी न्हाई चालायचा?"

"आण्णा, त्या लोकांचं पीकच नारळ. बाहेरच्या नारळातनं कीड गेली तर अख्खं बेट जाईल."

"कुंकू लावलेल्या नारळाला कसली कीड," हौशीराम म्हणाला, आणि म्हणता म्हणताच त्याला आपली डाळिंबं आठवली.

चार वर्षांमागं त्यानं लांबच्या रोपवाटिकेतून डाळिंबाची रोपं आणली होती. त्या रोपांचीही त्यानं पूजा केली होती, कुंकू लावून. रोपांबरोबर तेल्या रोग आला. फळं काळी डागाळून तडकली. आधी त्याची बाग गेली, मग बांधाला बांध लागून असलेली सावळेरामची. सावळेराम त्यावर कधी काही बोलला नाही. हौशीरामनंही विषय काढला नाही.

तेवढ्यात सावळेरामच आला. "काय राव, नारळाच्या गावाला नारळ घेऊन निघाला. वतूरच्या बाजारात कांदा इकत घ्यावा आन् तिथंच इकावा, तसली तऱ्हा."

"न्हेता येत न्हाई," हौशीराम म्हणाला. "कीड जाती म्हणं." थोडं थांबून तो म्हणाला, "तुझ्या बागंत तेल्या माझ्या रोपांवरनं आला."

"ठावं हाय."

"कवापास्नं?"

"पयल्या दिसापास्नं." सावळेराम टेकून बसला. "वयनी, च्या टाका."

चार वर्षं हा माणूस रोज या ओट्यावर चहा पीत होता.

देवाच्या नावानं दिलेला नारळ देणाऱ्याला परत करता येत नाही. म्हणून संध्याकाळी हौशीरामनं ठरवलं ते ऐकून गोरखसुद्धा बघत राहिला. मावंदं आधी घालायचं. ज्याचा नारळ त्याच्याच पोटात, मग हात रिकामे घेऊन निघायचं.

"लगीन व्हायचंय आन् बारसं उरकतो व्हय?" सावळेराम म्हणाला. पण मोठी पातेली त्यानंच आणून दिली.

हौशीरामला भ्या होतं ते झुंबरबाईचं. तिचा लेक सोमाजी मुंबईला जाऊन बोटीवर कामाला लागला, त्याला बारा वर्षं झाली. पत्र नाही, माणूस नाही. मेला म्हणावं तर पुरावा नाही, आहे म्हणावं तर खबर नाही. म्हणून गावानं त्याचं नाव घेणंच टाकलं होतं. तिचा नारळ सगळ्यांत आधी आला होता आणि तो समुद्रासाठीच होता.

तो तिच्या दारात उभा राहिला आणि सगळं सांगितलं. ती जोंधळं निवडत होती.

"त्येंची झाडं मरत्याल?"

"मरत्याल, मावशे."

"मंग नगं. फोड त्यो." सुपातला खडा तिनं बाजूला टाकला. "त्याचं नाव तरी घेशील?"

"तिथं गेल्यावर पाण्यात उभा ऱ्हाऊन घेईन."

"तिथं न्हाई. हितं घे. समद्यांदेखत."

आणि बाई पुन्हा सुपाकडं वळली.

मावंद्याला पंगत अंगणात बसली. लापशीत तूप भरपूर होतं, आमटीत एकतीस नारळांचं वाटण. वाढपी थांबले तसा हौशीराम उठला. प्रत्येकाच्या नारळामागचं नाव त्यानं घेतलं. घेता घेता लोक हसत होते, एकमेकांना ढोसत होते. शेवटी तो म्हणाला, "झुंबरबाईचा सोमाजी."

पंगतीतले हात ताटावर थांबले. कुणाचा घास तोंडाशी, कुणाचा हातात. सावळेराम खाली बघू लागला. बायकांच्या रांगेत झुंबरबाई ताठ बसली होती.

"परत घे," ती म्हणाली.

हौशीरामनं परत घेतलं. मग ती जेवू लागली.